बालाघाटचे धबधबे : पाणी कोसळते कसे आणि आटते का?

तलवाडा (ता. गेवराई, जि. बीड) : धबधबा म्हटले, की लोणावळा, माळशेज, आंबोली ही नावे ओठांवर येतात. ज्यांना परदेश प्रवास परवडतो, त्यांच्या यादीत हल्ली आइसलँडचाही समावेश असतो. बीड जिल्ह्याचे नाव मात्र या संदर्भात सहसा कोणी घेत नाही. पर्जन्यछायेचा प्रदेश, उन्हाळ्यातील टँकर आणि दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यांकडे निघणारे ऊसतोड मजूर हीच या जिल्ह्याची सर्वदूर पोहोचलेली ओळख. तरीही तलवाड्याहून सकाळी निघालेला प्रवासी चांगल्या पावसाच्या दिवसांत कपिलधार आणि सौताडा हे दोन देखणे धबधबे पाहून रात्री घरी परतू शकतो. हे धबधबे येथेच का आहेत, काही आठवड्यांतच ते मुके का होतात आणि तेथे जीव का जातात, या प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

त्वरितादेवीच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेले तलवाडा गंगथडीत येते. गोदावरीच्या काठचा हा सखल, काळ्या मातीचा पट्टा. जयभवानीचा गजर होतो तो येथील नवरात्रात. पाण्याचा गजर ऐकायचा, तर दक्षिणेकडे बालाघाटच्या डोंगराकडे जावे लागते. गेवराई, माजलगाव हा खालचा भाग आणि पाटोदा, आष्टी, केज, अंबाजोगाई हा डोंगरपठाराचा भाग, अशी जिल्ह्याची नैसर्गिक विभागणी आहे. या दोन पातळ्या जेथे भेटतात, तेथे पठाराची कड तुटते. पठारावरचे ओढे या कडेवरून खाली उडी घेतात आणि धबधबा तयार होतो.

दगड एकाच जातीचा

बालाघाट आणि आइसलँड यांच्यात हजारो किलोमीटरचे अंतर असले, तरी दोहोंचा दगड एकाच जातीचा आहे. दोन्हीकडे तो लाव्हा थिजून झालेला काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग ज्या लाव्ह्याने व्यापला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून बाहेर आला. तो एकदाच आला नाही. थरावर थर साचत गेले. आइसलँड त्या मानाने तरुण आहे. तेथील सर्वांत जुना खडक दोन कोटी वर्षांचाही नाही आणि ज्वालामुखी आजही जागे आहेत. २०१० मध्ये तेथील एय्याफ्यात्लायोकुल या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातील विमान वाहतूक अनेक दिवस कोलमडली होती.

या थरांच्या रचनेत धबधब्याचे रहस्य दडले आहे. लाव्ह्याचा प्रत्येक थर सारखा टणक नसतो. थराचा मधला व खालचा भाग घट्ट असतो, तर वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून तो सच्छिद्र बनतो. विहिरी खोदणारे लोक या मऊ खडकाला ‘मांजऱ्या’ म्हणतात. दोन थरांमध्ये काही ठिकाणी गेरूसारखी तांबडी पट्टीही आढळते. ओढा वाहताना वरचा काळा पाषाण टिकाव धरतो. खालचा मऊ थर मात्र पाण्याच्या तुषारांनी आणि झऱ्यांच्या ओलाव्याने झिजत जातो. कालांतराने वरचा पाषाण छज्जासारखा पुढे आलेला राहतो. आधार सुटला, की त्याचा तुकडा कोसळतो आणि धबधबा एक पाऊल मागे सरकतो. हजारो वर्षे हे चालू राहिले, की धबधब्याच्या पुढे खोल दरी तयार होते. धबधब्याच्या पायथ्याशी पडलेल्या प्रचंड शिळा याच प्रक्रियेच्या साक्षीदार आहेत.

आइसलँडच्या भाषेत ‘फॉस’ म्हणजे धबधबा. देशाला वळसा घालणारा सुमारे १,३२२ किलोमीटरचा रस्ता १९७४ मध्ये पूर्ण झाला. या रस्त्यावरून आणि त्याच्या फाट्यांवरून मोटारीने जाताना एकामागून एक धबधबे लागतात. स्कोगाफॉस आणि सेल्यालान्द्सफॉस हे प्रत्येकी सुमारे ६० मीटर उंचीचे. कोणे एके काळी समुद्राच्या लाटा ज्या कड्यांवर आदळत, त्याच कड्यांवरून ते कोसळतात. समुद्र आता दूर सरकला आहे. गुल्फॉस म्हणजे सोनेरी धबधबा. तो दोन टप्प्यांत ३२ मीटर खाली उतरतो. स्वार्तिफॉस म्हणजे काळा धबधबा. त्याच्या मागे लाव्ह्याचे षटकोनी खांब रचून ठेवल्यासारखे दिसतात. असे खांब पाहायला आइसलँडलाच जावे लागते असे नाही. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर त्याच प्रकारचे खांब उभे आहेत.

पाणी मात्र वेगळे

दगड सारखा असूनही आइसलँडचा धबधबा बारमाही आणि बालाघाटचा हंगामी, याचे कारण पाण्याच्या साठ्यात आहे. तेथे डोंगरमाथ्यावर हिमनद्या आहेत. उन्हाळ्यात बर्फ वितळते, पाऊसही वर्षभर पडतो. निसर्गाने माथ्यावर बांधून ठेवलेले धरणच म्हणायचे. बालाघाटच्या माथ्यावर असा साठा नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर आपला बराचसा ओलावा रिता करून येथे पोहोचतात. जून-जुलैत मोठे खंड पडतात आणि अनेक वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरचा पाऊसच तारून नेतो. म्हणूनच कोकणातील धबधब्याचे वेळापत्रक येथे लागू पडत नाही. जुलैत कोरडा दिसलेला कडा सप्टेंबरात गर्जत असतो.

काही वर्षी तर तो गर्जतच नाही. २०१२, २०१५ आणि २०१८ या दुष्काळी वर्षांत मराठवाड्यातील ओढे-नाले वाहिलेच नाहीत, अशी स्थिती अनेक भागांत होती. शेजारच्या लातूर शहराला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. याउलट २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. बीडसह अनेक जिल्ह्यांत नद्यांना पूर आले आणि उभी पिके गेली. एकाच प्रदेशाचे हे दोन चेहरे लक्षात घेतल्याशिवाय येथील धबधबा समजत नाही.

कपिलधार

बीडहून सोलापूरकडे जाताना महामार्ग गंगथडी सोडून मांजरसुंब्याच्या घाटाने पठारावर चढतो. घाट चढताना दोन पातळ्यांमधला फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो. याच परिसरात, डोंगराच्या खोबणीत कपिलधार हे क्षेत्र आहे. कपिल मुनींच्या नावावरून हे नाव पडले, अशी श्रद्धा आहे. ‘परमरहस्य’ या ग्रंथाचे कर्ते, वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी येथे आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्याबरोबरच कर्नाटक आणि तेलंगणातूनही भाविक येतात. अनेक दिंड्या पायी येतात.

मंदिराजवळच डोंगरावरून धार कोसळते. तिची भव्यता उंचीत नाही, तर सान्निध्यात आहे. भाविकांच्या दृष्टीने ती तीर्थ आहे. सहलीला आलेल्यांच्या दृष्टीने भिजण्याचे ठिकाण. सुटीच्या दिवशी दोन्ही प्रकारची गर्दी एकाच अरुंद जागेत होते. समाधीस्थळ म्हणून तेथे पाळावयाची शिस्त आलेल्या प्रत्येकाने पाळावी, ही अपेक्षा म्हणूनच रास्त आहे.

सौताडा

मांजरसुंब्याहून पश्चिमेला पाटोद्यामार्गे जामखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिल्ह्याच्या सीमेलगत सौताडा लागते. रस्त्यावरून जाताना आसपास दरी असेल, अशी शंकाही येत नाही. सपाट माळरान एकाएकी संपते आणि विंचरणा नदी खोल घळईत झेप घेताना दिसते. पठाराच्या कडेचा, मागे सरकत गेलेल्या धबधब्याचा आणि त्याने कोरलेल्या दरीचा हा जणू पाठ्यपुस्तकातील नमुनाच. दरीच्या तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. वनवासात श्रीराम येथे आले होते, अशी लोकश्रद्धा असून श्रावणात येथे भाविकांची गर्दी होते. पायऱ्यांनी खाली उतरता येते. चढताना मात्र वयस्कांनी दमाने घ्यावे.

सौताड्याचे आणखी एक वैशिष्ट्य नकाशा पाहिल्यावर कळते. बालाघाटच्या उत्तर उताराचे पाणी बिंदुसरा आणि सिंदफणेतून गोदावरीला मिळते. पाटोदा तालुक्यातच उगम पावणारी मांजरा पूर्वेकडे दूरचा प्रवास करून अखेरीस गोदावरीतच जाते. विंचरणा मात्र जामखेडकडे वळते, सीना नदीला मिळते आणि सीना-भीमेमार्गे तिचे पाणी कृष्णेत पोहोचते. एका दिवसाच्या प्रवासात प्रवासी दोन महानद्यांच्या खोऱ्यांमधला जलविभाजक ओलांडतो. पठारावर पडलेल्या पावसाचा एक थेंब राजमहेंद्रीला, तर त्याच्या शेजारचा विजयवाड्याला जातो.

धोका नेमका कोठे?

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाणी वाढू लागल्यावर सर्व जण एकमेकांना धरून प्रवाहाच्या मधोमध उभे होते. त्या घटनेने जो धडा दिला, तो बालाघाटलाही तंतोतंत लागू आहे.

काळा पाषाण पाणी शोषून घेत नाही. माथ्यावर मातीचा थर पातळ आणि झाडी विरळ असेल, तर पडलेला पाऊस थेट ओढ्यात उतरतो. अशा ओढ्याला पूर चढायला तास लागत नाहीत, काही मिनिटे पुरतात. खाली दरीत ऊन असताना वर पठारावर ढगफुटीसारखा पाऊस सुरू असू शकतो. पाणी अचानक गढूळ होणे, काटक्या आणि पालापाचोळा वाहून येणे, आवाज जड होणे ही पूर येत असल्याची चिन्हे आहेत. ती दिसताच सामान, चपला, मोबाइल यांचा मोह सोडून तत्काळ काठावर व उंचावर जावे. मधल्या खडकावर थांबणे हा सर्वांत घातक निर्णय ठरतो.

दुसरा धोका डोहाचा. सतत कोसळणाऱ्या पाण्याने पायथ्याचा खडक खोल खणलेला असतो. गढूळ पाण्यात त्याचा अंदाज येत नाही. पडणारे पाणी माणसाला तळाकडे ओढते आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तेथून सुटणे कठीण जाते. तिसरा धोका कड्याचा. छज्जासारखा पुढे आलेला पाषाण खालून पोकळ असतो, हे वर उभे राहून छायाचित्र काढणाऱ्याला दिसत नाही. शिवाय कपारींमध्ये आग्यामोहोळ असण्याची शक्यता असते; तेथे धूर, दगडफेक किंवा फटाके टाळावेत.

किती उंच नव्हे, किती दिवस?

धबधब्यांच्या चर्चेत उंचीला महत्त्व दिले जाते. बीडसारख्या जिल्ह्यात खरा प्रश्न तो किती दिवस वाहतो, हा आहे. पाऊस थांबताच दोन-चार दिवसांत धार तुटत असेल, तर माथ्यावर पाणी मुरत नाही, असा त्याचा अर्थ. ते पाणी जाताना मातीही घेऊन जाते. माथ्यावर समतल चर असतील, गवत व झाडी राखलेली असेल, तर पाणी सावकाश मुरते आणि खडकाच्या भेगांतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. अशा वेळी धबधब्याचे रौद्र रूप थोडे कमी दिसते, पण धार दिवाळीपर्यंत टिकण्याची आशा असते. त्याच पाण्यावर पायथ्याच्या विहिरी रब्बीला साथ देतात. पर्यटक आणि शेतकरी यांचे हित येथे एक होते.

आइसलँडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुल्फॉसचे पाणी वीजनिर्मितीसाठी वळविण्याचे घाटत होते. सिग्रिदुर तोमासदोत्तिर या शेतकरी कुटुंबातील स्त्रीने त्याविरुद्ध दीर्घ लढा दिला. आज तेथे तिचे स्मारक आहे आणि १९७९ पासून तो परिसर संरक्षित आहे. बालाघाटमध्ये धबधबा वाचविण्यासाठी धरणाशी भांडण्याची गरज नाही. माथ्यावरचे रान राखले, तरी बरेच साधेल.

कसे जाल?

तलवाड्याहून गेवराई गाठावी. गेवराई ते बीड हे अंतर महामार्गाने तीस-पस्तीस किलोमीटर आहे. बीडहून मांजरसुंबा सुमारे २० किलोमीटर. आधी कपिलधार पाहून मांजरसुंब्याहून पाटोदामार्गे सौताड्याला जाता येते. परत येताना त्याच रस्त्याने यावे आणि घाट अंधार पडण्यापूर्वी उतरावा. मुक्कामाची तयारी असल्यास सोलापूर रस्त्याने पुढे येडशीजवळचे रामलिंग आणि नळदुर्गच्या किल्ल्यातील, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात १६१३ मध्ये बांधलेला पाणीमहाल पाहता येतो. बोरी नदी भरून वाहू लागली, की या बंधाऱ्यावरून नर-मादी हे दोन धबधबे कोसळतात.

निघण्यापूर्वी पाऊस किती झाला, पाणी सुरू आहे का आणि प्रशासनाने बंदी घातली आहे का, याची स्थानिकांकडे चौकशी करावी. ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरअखेर हा काळ साधारणपणे योग्य असतो. जोरदार पाऊस सुरू असताना दरीत उतरू नये. तो ओसरल्यानंतरचा दिवस निवडावा. घट्ट पकडीचे बूट, कोरडे कपडे आणि पिण्याचे पाणी सोबत ठेवावे. प्लास्टिकचा कचरा परत आणावा, कारण तो अखेर गोदावरीत किंवा कृष्णेतच जाणार असतो.