'हम दोनो' : मुंबईची गिटार, जमैकाचा सॅक्सोफोन

नावावरून देव आनंदचा सिनेमा आठवेल, पण हा आल्बम लंडनचा, १९६९ सालचा. दोघांपैकी एक जमैकात जन्मलेला आल्टो सॅक्सोफोनवादक जो हॅरियट. दुसरा मुंबईच्या गोमंतकीय कुटुंबातला गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा. हॅरियटने १९६० मध्येच 'फ्री फॉर्म' हा आल्बम ध्वनिमुद्रित करून ठरलेला ताल आणि स्वरसंगतीची चौकट झुगारली होती. पुढे कलकत्त्याच्या संगीतकार जॉन मेयरबरोबर 'इंडो-जॅझ सूट'ही (१९६६) केला. तिथे सतार-तबला शेजारी बसवल्यासारखे वाटतात. इथे मात्र भारतीय वळण थेट डिसिल्वाच्या गिटारीतून येतं आणि म्हणूनच जास्त पटतं. सोबत ट्रम्पेटवादक इयन कार आणि गायिका नॉर्मा विन्स्टन. हॅरियट १९७३ मध्ये, अवघ्या ४४व्या वर्षी गेला. 'हम दोनो'मधलं 'बॅलड फॉर गोवा' आधी ऐका.