वनस्पतींचे विष आणि कीटकांचा उतारा

वनस्पती आणि कीटक यांचा संबंध म्हटला की फूल आणि भुंगा ही जोडी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु या स्नेहाच्या शेजारीच एक फार जुने वैरही नांदत आहे. झाडाला पाय नाहीत. अळी पानावर चढली तर त्याला पळून जाता येत नाही. मग पृथ्वीवरची हिरवाई किड्यांनी केव्हाच फस्त कशी केली नाही? या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी रसायनशास्त्रात सापडते.

ते पाहण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. स्वयंपाकघर पुरे आहे. मोहरीचा अख्खा दाणा नाकाशी धरला तर वास जवळजवळ येत नाही. तीच मोहरी पाणी घालून फेसली की झणका थेट नाकात जातो. हा झणका दाण्यात तयार ठेवलेला नसतो. सिनिग्रिन नावाचे गंधकयुक्त द्रव्य आणि त्याचे विघटन करणारे मायरोसिनेज हे विकर ही दोन्ही वनस्पतीत वेगवेगळी साठवलेली असतात. दाणा चिरडला की त्यांची गाठ पडते आणि तिखट तेल निर्माण होते. कोबी, फुलकोबी, मुळा ही याच कुळातली मंडळी असून त्यांच्याजवळही अशीच द्रव्ये आहेत. आपल्याला ती रुची वाटते. पान कुरतडणाऱ्या बहुतेक किड्यांना मात्र ते विष आहे.

आता गंमत अशी की, कोबीवर पोसणारी पांढरी फुलपाखरे नेमकी याच कुळातल्या पानांवर अंडी घालतात. 1910 साली हॉलंडमधील शास्त्रज्ञ फर्शाफेल्ट यांनी दाखवून दिले की, एरवी ज्या पानांना या अळ्या तोंड लावत नाहीत, त्यांना सिनिग्रिन चोपडले तर त्या ती खाऊ लागतात. म्हणजे शत्रूला हाकलण्यासाठी असलेले द्रव्यच शत्रूला घराचा पत्ता सांगू लागले! परंतु अळी हे विष पचवते कसे? 2004 साली उलगडा झाला तो असा: अळीच्या आतड्यातील एक प्रथिन त्या विघटनाची दिशाच बदलते आणि तिखट तेलाऐवजी कमी अपायकारक पदार्थ बनतो. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी निराळी युक्ती करते. विकराची गाठ पडण्यापूर्वीच ती मूळ द्रव्याचा एक भाग तोडून टाकते. मग विकराला काम उरत नाही.

अशी अनेक उदाहरणे समोर ठेवून एर्लिक आणि रेव्हन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1964 साली एक उपपत्ती मांडली. एखाद्या वनस्पतीत योगायोगाने नवे द्रव्य निर्माण झाले आणि किड्यांचा त्रास कमी झाला, तर तिचा वंश फोफावतो. पुढे एखाद्या कीटकाला त्यावर उतारा सापडला की, दुसऱ्या कोणाची स्पर्धा नसलेले ताट त्याच्यापुढे येते आणि त्याचाही वंश वाढतो. हिलाच सहोत्क्रांती म्हणतात. यात कोणीही ठरवून काही करीत नाही, हे विसरता कामा नये. किंचित फरक असलेल्या असंख्य जीवांतून जे टिकले त्यांची संतती उरली, एवढेच. शिवाय प्रत्येक झाडाची आणि किड्याची जोडी अशी पायरीपायरीने चालते असेही नाही. ऋतू, भक्षक पक्षी, परजीवी यांचाही त्यात हात असतो.

मारुतीला आपण रुईच्या पानांची माळ घालतो. त्या रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषे असतात. तिच्या अमेरिकेतील नातलग वनस्पतींवर मोनार्क फुलपाखराची अळी वाढते. पेशीतील सोडियम बाहेर टाकणारा जो सूक्ष्म पंप आहे, त्याला हे विष अडकवून ठेवते. मोनार्कच्या पंपाच्या रचनेतच थोडा बदल झालेला असल्याने विषाची पकड तेथे बसत नाही. 2019 साली शास्त्रज्ञांनी असे तीनच बदल फळमाशीच्या जनुकात केले, तेव्हा ती माशीही ते विष पचवू लागली. मोनार्क तर ते विष अंगात साठवून ठेवतो. त्याला खाणारा पक्षी ओकतो आणि पुन्हा त्या वाटेस जात नाही.

कोणी विचारील, या वैराशी आमचा संबंध काय? संबंध निकटचा आहे, कारण कीटकनाशक हाती घेतले त्या दिवशी माणूसही या लढाईत उतरला. विषावर उतारा शोधण्याची कोट्यवधी वर्षांची तालीम झालेले हे शत्रू आहेत. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने डीडीटीला दाद देणे सोडल्याचे जावा बेटावर 1953 मध्येच आढळले होते. आपल्याकडे जिवाणूचे विष अंगी असलेल्या बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली. ते विष पचवणारी गुलाबी बोंडअळी गुजरातेत आढळल्याचे 2010 मध्ये जाहीर झाले, आणि 2017 च्या हंगामात विदर्भातील शेतकऱ्यांची बोंडे तिने पोखरली. ही अळी जवळजवळ केवळ कपाशीवरच जगते. सगळीकडे एकच विषारी कपाशी असली की, विष पचवणाऱ्या अळ्याच तेवढ्या मागे उरतात. बांधालगत साध्या कपाशीच्या ओळी लावाव्यात, असे सांगितले जाते ते याचसाठी. तेथे वाढलेल्या साध्या पतंगांशी संकर झाला की प्रतिकारशक्ती पसरण्याचा वेग मंदावतो. फरदड न ठेवता शेत वेळेवर मोकळे करणे हाही याच शहाणपणाचा भाग आहे.

निसर्गातील झाड एकाच शस्त्रावर विसंबत नाही. त्याच्याजवळ काटे, लव, चीक आणि अनेक द्रव्ये असतात. कुरतडलेली काही झाडे तर अळीच्या शत्रूंना खेचणारा गंधही सोडतात. आम्हाला वाटते, शेतीच्या रक्षणाचा धडा यातच आहे. निर्णायक विजयाची हाव धरून एकच विष वर्षानुवर्षे वापरले की ते बोथट होते. साधने अनेक ठेवून ती जपून वापरली, तरच त्यांची धार टिकते.