जुनं बुलेटप्रूफ हेल्मेट सुधारायचं, की हलकं नवीन घ्यायचं?

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

आजचा विषय जरा वेगळा आहे. आपण एरवी मोबाइल, लॅपटॉप, ईव्ही यांच्याबद्दल बोलतो. आज बोलायचंय बुलेटप्रूफ हेल्मेटबद्दल. "आम्हाला काय त्याचं?" असं म्हणू नका. आपल्या पट्ट्यात हा घरातला विषय आहे. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, पाच नंबर आणि सात नंबर. शिरूर-दौंडच्या गावागावांतून पोरं फौजेत, पोलिसात, सीआरपीएफमध्ये जातात. माझा मावसभाऊ त्यातलाच एक. कुठल्या दलात ते मुद्दाम सांगत नाही, त्याचा इथे संबंधही नाही.

तर झालं असं. गेल्या सुट्टीत तो सणसवाडीला आमच्याकडे आला. दहा दिवसांनी त्याला नव्या ड्यूटीवर, जंगल भागात जायचं होतं. येताना मान धरूनच आला. रात्री जेवणं झाल्यावर म्हणाला, "दादा, तू इंजिनिअर आहेस, एक सांग. आमचं हेल्मेट जड पडतं. चार तास घातलं की मान अवघडते, डोकं ठणकतं. त्याला भोकं पाडून नवीन पट्टे आणि टॉर्चचं माउंट बसवू, की माझ्या पैशाने हलकं घेऊ? ऑनलाइन अडतीसशेला मिळतंय."

मी म्हटलं, "अरे, मी सॉफ्टवेअरवाला. मला कोडमधला बग कळतो, गोळी नाही." पण प्रश्न डोक्यात राहिला. पुढचे तीन दिवस ऑफिस सुटलं की वाचत बसलो. जे समजलं ते क्रमाने सांगतो.

आधी हे हेल्मेट अडवतं काय?

पहिला गैरसमज इथेच आहे. दर १ जानेवारीला पेरणे फाट्याच्या बंदोबस्ताला आपण काचवाली हेल्मेट बघतो. ती दगड-काठीसाठी असतात. गोळीसाठीचं हेल्मेट वेगळं. आणि गोळीतही दोन जाती धरायच्या: पिस्तुलाची आणि रायफलीची.

पिस्तुलाची नऊ एमएमची गोळी साधारण ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास. बारावीचं सूत्र लावा, अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येतं सुमारे ६४० ज्यूल. एके-४७ ची गोळी वजनाला तेवढीच, पण वेग ७०० मीटरच्या वर. उत्तर जातं २,००० ज्यूलपर्यंत. म्हणजे तिप्पट. वेगाचा वर्ग होतो ना, तिथे सगळा खेळ आहे.

जगातली बहुतेक सैनिकी हेल्मेट पिस्तुलाची गोळी आणि स्फोटातले उडणारे तुकडे अडवण्यासाठी बनवलेली असतात. सरळ लागलेली रायफलीची गोळी अडवेल अशी हेल्मेट आता मिळतात, पण ती वेगळी जात आहे. तेव्हा "बुलेटप्रूफ" म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायचाच: कुठल्या बुलेटसाठी?

आपल्याकडचा पटका

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच लष्करातलं आहे. काश्मीरमध्ये दहशतवाद्यांच्या हातात एके-४७ आली आणि आधीचं हेल्मेट पुरेना. तेव्हा "पटका" आला. त्याचं श्रेय मेजर जनरल व्ही. के. दत्ता यांना दिलं जातं. कपाळावर आणि मागे पोलादी पट्ट्या, आणि त्या डोक्याभोवती बांधायच्या. शीख जवानांना पगडीवरही बांधता यायचा. रायफलीची गोळी अडवायचा, पण वजन सुमारे अडीच किलो. कानाच्या बाजू आणि टाळू उघडीच.

म्हणजे बघा, इंजिनिअरिंगमध्ये फुकट काही मिळत नाही. जास्त ताकदीची गोळी अडवायची तर वजन वाढवा, वजन आवाक्यात ठेवायचं तर झाकण्याची जागा कमी करा. पटक्याने दोन्ही किमती मोजल्या आणि कितीतरी जवानांचं कपाळ वाचवलं.

पुढे २०१६-१७ च्या सुमारास लष्कराने कानपूरच्या एमकेयू कंपनीला १ लाख ५८ हजार हेल्मेटची ऑर्डर दिली. रक्कम १७० ते १८० कोटींच्या घरात. ही हेल्मेट जवळून मारलेली नऊ एमएमची गोळी अडवणारी, डोकं सगळीकडून झाकणारी. आता भागाकार करा. एक हेल्मेट पडलं साधारण ११ हजारांना, तेही लाखाच्या वर नग घेतल्यावर.

म्हणून भावाला पहिला प्रश्न विचारला: "सरकारला लाखाच्या भावात जे ११ हजारांना पडलं, ते तुला एकट्याला अडतीसशेत कोण देतंय?" पान उघडून नीट वाचलं. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, "मटेरियल: एबीएस". म्हणजे प्लास्टिक. खेळातल्या छर्ऱ्याच्या बंदुकांसाठीचं. दिसायला हुबेहूब कमांडोचं. हलकं असणारच, आत अडवणारं काहीच नाही. भाऊ गप्प झाला. त्याने ते कार्टमध्ये टाकून ठेवलं होतं.

मग खरं हलकं हेल्मेट हलकं कसं होतं?

दोन पदार्थ लक्षात ठेवा. एक अ‍ॅरामिड, म्हणजे केवलार आणि त्याची भावंडं. केवलारचा शोध ड्युपाँटमध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये लावला. त्याच्या कापडाचे थरावर थर रेझिनमध्ये दाबून टोपी करतात. गोळी आली की धागे ताणले जातात, ताकद आजूबाजूला पसरते, गोळी चेपटी होऊन अडकते.

दुसरा पदार्थ पॉलिइथिलीन, पण फार लांब साखळ्यांचं. आपली दुधाची पिशवी त्याच घराण्यातली, हा घराण्यातला पैलवान. पाण्यावर तरंगतो इतका हलका. तेवढ्याच संरक्षणाला हेल्मेटचं वजन कमी भरतं. पण त्याला उष्णता सोसत नाही. १४० अंशांच्या आसपास वितळतो, आणि त्याच्या बरंच आधी ढिला पडायला लागतो. गाडीच्या बॉनेटवर, इंजिनशेजारी ठेवायचं नाही. अ‍ॅरामिडला उष्णता चालते, पण ऊन आणि ओल चालत नाही. म्हणून त्यावर रंगाचा थर आणि काठाला रबर असतं.

वजन कमी करायची तिसरी युक्ती म्हणजे कानाजवळचा भाग कापणं. सिनेमात दिसतं ना, कान मोकळे, वर हेडफोन. काही ग्रॅम वाचतात, हेडसेट बसतो. पण तेवढी जागा उघडी पडते. स्फोटाचे तुकडे बाजूने येतात अशा ठिकाणी हा सौदा करायचा का, हे दुकानदाराने किंवा मी ठरवायचं नाही. ते त्या दलाने ठरवायचं.

जुन्यात काय बदलावं, कशाला हात लावू नये

भावाचा बेत होता गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात ड्रिल मारून घ्यायचा. आमच्या सणसवाडीत काय, चारी बाजूंनी कंपन्या आणि वर्कशॉप. दहा मिनिटांत भोक पडलं असतं. पण ते होऊ दिलं नाही. तीन कारणं.

एक, गोळी अडवतात ते अखंड धागे. ड्रिल ते कापतं आणि भोकाभोवतीचे थर सुटायला लागतात. दोन, भोकातून ओल आत जाते. तीन, त्यात बसवलेला साधा बोल्ट. बाहेरून मार बसला की तोच बोल्ट आत डोक्याकडे उडू शकतो. कंपनीतून येणारी भोकं आणि स्क्रू यांच्यासकट हेल्मेटची चाचणी झालेली असते. आपल्या भोकाची झालेली नसते. घरचा स्प्रे पेंटही नको, त्यातला थिनर रेझिनला त्रास देऊ शकतो.

मग बदलायचं काय? आतला भाग. पट्टे, गाद्या, हनुवटीचा पट्टा. याला चांगला दाखला आहे. इराक युद्धात अमेरिकेच्या मरीन सैनिकांच्या हेल्मेटमध्ये जुन्या पद्धतीचे पट्टे होते. रॉबर्ट मीडर्स नावाच्या नौदलातल्या निवृत्त डॉक्टरांचा नातू मरीनमध्ये होता. त्यांनी "ऑपरेशन हेल्मेट" सुरू करून देणग्या गोळा केल्या आणि सैनिकांना आतल्या गाद्यांचे संच पाठवले. २००६ मध्ये त्यांच्यासोबत गायिका शेर संसदीय समितीच्या सुनावणीला गेली. त्यानंतर मरीन कोअरने गाद्या स्वतःच द्यायला सुरुवात केली. टोपी तीच, आतलं बदललं, आणि धक्का सोसायची क्षमता सुधारली.

पण इथेही एक मेख आहे. गोळी अडली तरी टोपी आतल्या बाजूने दबते. अमेरिकेच्या सैनिकी हेल्मेटच्या चाचणीत पुढे-मागे साधारण २५ मिलिमीटरपर्यंतचा दाब चालवून घेतात. म्हणून डोकं आणि टोपी यांच्यात जागा ठेवलेली असते. "फार उंच दिसतं" म्हणून पातळ गाद्या टाकल्या की ती जागा गेली. गोळी आत येणार नाही, पण टोपीच कवटीवर आदळेल.

मान का दुखते, याचा हिशोब

आता माझ्या आवडीचा भाग. आम्ही शेजारच्या किराणा दुकानातून वजनकाटा आणला. हेल्मेट भरलं १.६ किलो. टॉर्च आणि क्लॅम्प मिळून २०० ग्रॅम. हा टॉर्च त्याने आधीच पट्ट्याने कपाळावर बांधला होता.

मानेला नुसतं वजन त्रास देत नाही, वजन गुणिले अंतर त्रास देतं. लहानपणचा सी-सॉ आठवा. मुळात डोकंच साडेचार-पाच किलोचं आणि त्याचा भार मानेच्या थोडा पुढे. म्हणून एसटीत डुलकी लागली की मान पुढे पडते. हेल्मेटचा भार मानेच्या मणक्यापासून समजा २ सेंटिमीटर पुढे आहे. १.६ गुणिले २, झाले ३.२. टॉर्च आहे १५ सेंटिमीटर पुढे. ०.२ गुणिले १५, झाले ३. अंतरं माझ्या अंदाजाची आहेत, पण गोष्ट स्पष्ट आहे: २०० ग्रॅमचा टॉर्च मानेला जवळपास दुसऱ्या हेल्मेटएवढा ओढतो. आणि हजारो रुपये घालून ३०० ग्रॅम हलकं हेल्मेट घेतलं तर वाचणार किती? ०.३ गुणिले २, म्हणजे ०.६.

टॉर्च काढला, जॅकेटवर लावला. भावाने हेल्मेट घालून मान हलवली आणि म्हणाला, "निम्मं काम झालं की!"

उरलेलं निम्मं मावशीने शोधलं. ती शिवणकाम करते. "डोक्यावर हे डुगडुगतंय बघ," म्हणाली आणि टेप घेऊन आली. डोक्याचा घेर ५६ सेंटिमीटर, हेल्मेट मोठ्या मापाचं. ढिलं हेल्मेट पुढे घसरतं, मग ते सावरायला मान आणि हनुवटीचा पट्टा ओढत राहतात. वर मापागणिक शे-दीडशे ग्रॅमचा फरक असतो, तोही विनाकारण डोक्यावर.

तर निर्णय कसा घ्यायचा?

भोक, रंग, कापाकापी कधीच नाही. आधी माप तपासा, मग पुढे लटकवलेलं सगळं काढा, मग त्याच जाडीच्या गाद्या आणि पट्टे बदला, तेही स्टोअरला विचारून, कारण हेल्मेट सरकारी आहे. टोपीला तडा, फुगवटा, काठ सुटलेला दिसला, एकदा जोरदार मार बसला असेल किंवा आत छापलेली मुदत संपली असेल, तर दुरुस्ती नाही, सरळ बदली मागायची. आणि नवीन घ्यायचंच तर चाचणीचा कागद बघितल्याशिवाय नाही. कुठली गोळी, किती वेग, कोणी तपासलं. हे तिन्ही नसेल तर ती टोपी शोभेची.

भावाने परत गेल्यावर लेखी अर्ज दिला आणि मधल्या मापाचं हेल्मेट बदलून घेतलं. खर्च शून्य रुपये. गेल्या आठवड्यात जंगलातून फोन आला, रेंज जेमतेम. म्हणाला, "दादा, मान बरी आहे. आईला सांग, टेप कामी आला."

मावशी शेजारीच होती. तिने फोन घेतला आणि पहिलं वाक्य बोलली, "पट्टा लावतोस ना रे नीट?" तीन दिवसांच्या वाचनात मी जे टिपून ठेवलं होतं, त्यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम तिने न वाचता सांगितला. लावला नाही तर अकरा हजारांचं असो की लाखाचं, सगळं सारखंच.

तुमच्या घरात कोणी वर्दीत असेल तर हा भाग त्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात.