बेसचा जुना बॉक्स : दुरुस्त करावा की बदलावा?

मंडप, लाईट आणि साउंडच्या धंद्यात सर्वांत अवजड आणि सर्वांत जास्त भांडवल अडकवणारी वस्तू म्हणजे बेसचा बॉक्स. लग्न असो, उरूस असो, कव्वाली असो, गणेशोत्सव असो की शिमग्यातला ऑर्केस्ट्रा असो, बेस नीट वाजला नाही तर गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जाते. त्यामुळे जुन्या बॉक्सचा आवाज फाटू लागला की मालक घाबरतो, उधार-उसनवारी करतो आणि नवा बॉक्स घेऊन येतो. जुना बॉक्स मात्र गोडाऊनच्या कोपऱ्यात वाळवीच्या हवाली होतो.

असे करण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बॉक्समधील महाग भाग म्हणजे प्लायवूडची पेटी, स्पीकरची लोखंडी चौकट आणि लोहचुंबक. हे भाग नीट ठेवले तर अनेक वर्षे टिकतात. लवकर खराब होतात ते कॉइल, कागदी कोन, जोडवायर आणि स्क्रू, आणि हे बदलता येतात. म्हणून नेमके काय बिघडले आहे ते शोधल्याशिवाय नवे घेण्याचा निर्णय करू नये.

बेस गिटारला वेगळा बॉक्स का लागतो?

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली की सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात, म्हणजे ४१ हर्ट्झ. पाच तारांच्या गिटारमध्ये हा आकडा ३१ पर्यंत खाली जातो. भाषणासाठी वापरतात त्या कर्ण्यातून हा आवाज येतच नाही. त्यासाठी १०, १२, १५ किंवा १८ इंची कोन लागतो, आणि त्या कोनाला पुरेशी हवा देणारी मजबूत पेटी लागते. अमेरिकेतील फेंडर कंपनीने १९५१ साली प्रिसिजन बेस ही गिटार आणली आणि पुढे हे वाद्य जगभर पसरले. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांची बेस गिटार लाखो लोकांनी ऐकली आहे. ती गाणी गावोगावच्या ऑर्केस्ट्रात वाजवायची तर बॉक्स धडधाकट हवा.

कोकणच्या हवेचा परिणाम

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि बाकीचे महिने समुद्राचा खारा वारा असतो. दमट हवेने कागदी कोन ओल धरतो व त्यावर बुरशी येते. खाऱ्या हवेने स्क्रू, जाळी आणि जॅक गंजतात. कॉइल ज्या बारीक फटीत हलते त्या फटीत गंजाचा कण शिरला तरी आवाज खरखरतो. भोकातून झुरळे आणि उंदीर आत जातात व कोन कुरतडतात. हे सगळे बिघाड दुरुस्त होणारे आहेत, मात्र वेळेत हात घातला पाहिजे.

पैसे खर्च करण्याआधीच्या तपासण्या

या तपासण्यांना मल्टिमीटर, टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल, अगरबत्ती आणि मोबाईल एवढेच लागते.

१) वायर आणि जॅक. आधी दुसरी चांगली वायर लावून पाहावी. गिटारची जाळीवाली बारीक वायर बॉक्सला कधीही लावू नये, तिथे जाड स्पीकर वायरच हवी. सैल जॅक आणि गंजलेले टर्मिनल यामुळे आवाज तुटतो व दोष मात्र स्पीकरवर येतो.

२) कॉइलचा ओहम. स्पीकरची वायर सोडवून मल्टिमीटर लावावा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमचा तीन ते साडेतीनच्या आसपास. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळाली आहे किंवा कोनाकडे जाणारी विणलेली तार तुटली आहे. फक्त तार तुटली असेल तर काम थोडक्यात होते.

३) कोन घासतो का? दोन्ही हातांची बोटे कोनावर समान अंतरावर टेकवून तो हलकेच आत दाबावा. खरखर जाणवली तर कॉइल फुगली आहे, आतला स्पायडर बसला आहे किंवा फटीत कचरा आहे.

४) दिशा. सेलची अधिक बाजू स्पीकरच्या अधिक टर्मिनलला क्षणभर लावावी. कोन बाहेर यायला हवा. एका बॉक्समधील दोन स्पीकरांपैकी एक बाहेर व दुसरा आत जात असेल तर ते एकमेकांचा बेस खाऊन टाकतात. असे झाले की ‘बॉक्समध्ये दम उरला नाही’ अशी तक्रार येते. उपाय एवढाच की एका स्पीकरच्या दोन वायरी उलटून लावाव्यात.

५) हवेची गळती. मोबाईलवर ठराविक हर्ट्झचा सूर काढणारे ॲप फुकट मिळते. त्यातून कमी आवाजात ४० ते २०० हर्ट्झपर्यंत सूर हळूहळू वर न्यावा. कुठे फडफडते ते कानाला कळेल. हँडल, जाळी व आतली सैल वायर हे नेहमीचे गुन्हेगार. मग ५० हर्ट्झच्या सुरावर अगरबत्ती सांध्यांजवळून फिरवावी. ज्या फटीतून हवा येते तिथे धूर थरथरतो.

सुतारमिस्त्रीचे काम

पेटी प्लायवूडची आहे की भुशाच्या बोर्डाची, हे आधी पाहावे. भुशाचा बोर्ड पाणी पिऊन फुगला की त्यात स्क्रू पकडत नाही; त्यावर पैसा घालू नये. प्लायवूडचे पदर कडेला सुटले असतील तर पूर्ण सुकवून, आत सरस भरून, शिकंज्यात चोवीस तास दाबून ठेवावे. सांध्याच्या आतील कोपऱ्यात लाकडी पट्टी सरस लावून बसवली की पेटी घट्ट होते.

नवी पेटी करायची झाल्यास १८ मिलिमीटरचा प्लाय घ्यावा. त्यावर आयएस ७१० हा शिक्का असलेला मरीन प्लाय कोकणच्या हवेला उत्तम. आयएस ३०३ चा साधा ओलरोधक प्लाय स्वस्त पडतो, पण त्याच्या सर्व कडा रंगाने बंद कराव्या लागतात. आपल्याकडे होड्यांना फायबर चढवणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडून पेटीच्या खालच्या कडा व कोपरे फायबरने मढवून घेतले तर टेम्पोतली आदळआपट आणि ओली जमीन दोन्ही सोसतात.

स्पीकर बसवताना लाकडी स्क्रूऐवजी मागून टी-नट घालून बोल्ट लावावेत, आणि ते समोरासमोरचे आळीपाळीने कसावेत. एका बाजूने कसून घट्ट केल्यास चौकट पिळते आणि चांगला कोनही घासू लागतो. स्पीकरच्या कडेखाली फोमची किंवा रबराची पट्टी हवी. पेटीच्या पुढचे भोक म्हणजे शोभा नव्हे. त्याचा आकार आणि नळीची लांबी पेटीच्या मापावर ठरलेली असते. ते बुजवू नये, मोठे करू नये. झुरळांसाठी आतून विरळ जाळी लावावी.

कॉइल आणि कोन

कोनाला लहान चीर असेल तर पातळ टिश्यू कागद आणि पाण्यात सैल केलेले फेविकॉल दोन्ही बाजूंनी लावून ती सांधता येते. कोन मध्यभागी कॉइलजवळ फाटला असेल तर हा उपाय टिकत नाही. कडेचा फोम वर्षांनी भुगा होतो, पण फक्त तेवढाच बदलता येतो. कापडी कड मात्र खूप टिकते.

कॉइल जळाली असेल तर कॉइल, स्पायडर, कोन आणि टोपी असा सगळा संच बदलावा लागतो. चांगला मिस्त्री जुना सरस पूर्ण खरवडतो, फटीतले लोखंडी कण चिकटपट्टीने उचलतो, कॉइलभोवती पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या घालून ती बरोबर मध्यावर आणतो आणि सरस सुकायला पूर्ण दिवस देतो. ‘तासाभरात करून देतो’ म्हणणाऱ्याकडे १५ इंची स्पीकर देऊ नये. शक्य असेल तिथे कंपनीचाच संच घ्यावा. बाजारातला संच घेतला तर कॉइलचा व्यास, ओहम आणि कोनाचे वजन जुन्याशी जुळते का ते पाहावे. दोन स्पीकरांच्या बॉक्समध्ये एक कंपनीचा व एक बाजारी असा मेळ बसत नाही.

वजनदार १५ किंवा १८ इंची स्पीकरचा कोन वर्षानुवर्षे एकाच बाजूने राहून किंचित खाली लोंबतो. घासणे सुरू होण्याआधी स्पीकर सोडवून अर्धा फेरा उलटा बसवला तर काही हंगाम सहज मिळतात. या कामाला खर्च काहीच नाही.

जुन्या पेटीत नवा स्पीकर

पेटी चांगली आणि स्पीकर गेला, तर फक्त स्पीकर बदलता येतो. मात्र इंच जुळले म्हणजे सगळे जुळले असे नाही. ऑस्ट्रेलियाचे इंजिनिअर नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात स्पीकर आणि पेटी यांचा मेळ गणिताने मांडला. आज चांगल्या कंपन्या स्पीकरसोबत त्याच्या मापांचा कागद देतात व किती लिटरची पेटी हवी ते सांगतात. आपली पेटी मोजणे सोपे आहे : आतली लांबी, रुंदी व खोली सेंटिमीटरमध्ये गुणून १,००० ने भागावे. ६० × ५० × ४० ची पेटी १२० लिटरची झाली.

मोटारीचा वूफर स्वस्त दिसतो म्हणून घालू नये. तो थोड्या वॉटमध्ये पुरेसा आवाज देत नाही, आणि त्याचा ओहम कमी असेल तर अँप्लिफायर तापतो. दोन ८ ओहमचे बॉक्स समांतर जोडले की ४ ओहम होतात. तिसरा जोडला की तीनच्याही खाली. अँप्लिफायरवर किमान ४ लिहिले असेल तर तिसरा बॉक्स म्हणजे स्वतःच्या हाताने नुकसान.

वॉटच्या आकड्याला भुलू नये. वॉट दुप्पट केल्याने आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे एका वॉटला ९७ डेसिबल देणारा स्पीकर १०० वॉटवर जेवढा वाजतो, तेवढे वाजायला ९४ डेसिबलवाल्याला २०० वॉट लागतात. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. सरकार वर्षातून मोजक्या दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सूट देते. मोठ्या बॉक्ससाठी कर्ज काढताना हेही ध्यानात असावे.

हिशेब कसा करावा?

केवळ समजण्यासाठी आकडे घेऊ. त्याच जातीचा नवा बॉक्स कर आणि वाहतूक धरून ३०,००० रुपयांना पडतो आणि दहा हंगाम चालतो, म्हणजे हंगामाला ३,००० रुपये. जुन्याला कॉइल-कोन ४,५००, सुतारकाम २,००० आणि वायर, जॅक, स्क्रू १,५०० मिळून ८,००० रुपये लागतात. दुरुस्त बॉक्स तीन हंगाम चालला तर हंगामाला सुमारे २,६६७ रुपये पडले. दुरुस्ती परवडली, शिवाय २२,००० रुपये हातात राहिले. तोच बॉक्स एका हंगामात पुन्हा बसला तर मात्र ८,००० पाण्यात गेले. म्हणून मिस्त्रीला ‘किती घेणार’ याबरोबर ‘किती हंगाम चालेल’ हेही विचारावे.

पुढील प्रसंगी बदलणेच शहाणपणाचे : पेटीचा बोर्ड फुगला आहे, चुंबक सरकला किंवा तडकला आहे, चौकट वाकली आहे, त्या मापाचा संच मिळत नाही, किंवा त्याच स्पीकरची कॉइल वारंवार जळते आहे. वारंवार कॉइल जळत असेल तर दोष वापरातही असू शकतो. अँप्लिफायर ताकदीबाहेर ओढणे आणि बेसचे बटण पूर्ण फिरवणे ही त्याची नेहमीची कारणे.

कारागिरांना दोन शब्द

गणेशोत्सव ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो. त्यामुळे जून-जुलै हे दुरुस्तीचे महिने आहेत. याच काळात मंडपवाल्याचे काम थंड असते, आणि सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवायलाही वेळ मिळतो. स्पीकरचे कोन-कॉइल बसवण्याचा हुन्नर शिकलेला तरुण आणि पेटीचे काम जाणणारा सुतार यांनी मिळून हे काम घेतले तर बाहेरगावी जाणारा पैसा गावात राहील. दर आधी लिहून द्यावा, जळालेली कॉइल गिऱ्हाईकाला परत दाखवावी आणि बॉक्सच्या मागे दुरुस्तीची तारीख व ओहम लिहावा. धंद्यात विश्वास यातूनच बसतो.

मालकांनी बॉक्स जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावेत. पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा ते कमी आवाजात अर्धा तास वाजवावेत. ओला कोन कडक उन्हात ठेवू नये, पंख्याखाली सुकवावा. प्रत्येक बॉक्सची एक वही करावी : केव्हा घेतला, काय बदलले, किती खर्च झाला. दोन-तीन वर्षांत ती वहीच सांगेल की कोणता बॉक्स कमावतो आहे आणि कोणता खातो आहे.