पाऊस सांगितला म्हणून पाण्याची पाळी चुकवू नका



एप्रिल-मे महिन्यात नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे जे पत्रक निघते, त्यात आपल्या वाशिम जिल्ह्यापुढे कधी कधी दोन गोष्टी लागोपाठ लिहिलेल्या असतात. अगोदर उष्णतेची लाट, आणि लगेच तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट व ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाचा वारा. गट ऑफिसच्या ओट्यावर हे वाचून दाखविले की हशा होतो. "सायेब, ऊनही सांगतलं अन् पानीही सांगतला, मंग काहीही झालं तरी त्याहीचंच खरं!" असे म्हणणारे सभासद दर उन्हाळ्यात भेटतात. थट्टेपर्यंत ठीक आहे. परंतु त्या पत्रकातला पाऊस तेवढा उचलून मोटार बंद ठेवणारेही भेटतात, आणि तेथे उसाचे नुकसान होते.

माझ्या पाहण्यातले एक उदाहरण देतो. शेलूबाजारकडच्या एका सभासदाने जानेवारीत लावलेला सुरू ऊस मे महिन्यात फुटव्यावर होता. पाऊस येणार म्हणून त्यांनी पाळी चार दिवस पुढे ढकलली. पाऊस आला, पण दोन कोसांवरच्या गावात. यांच्या वावरात नुसती धूळ उडाली. पुढे थ्री फेजची वेळ बदलली, आणखी तीन दिवस गेले. मी गेलो तेव्हा जमिनीला बोट जाईल अशा भेगा होत्या आणि बारीक फुटवे वाळून गेले होते. जे फुटवे मेले ते मेलेच. पुढे कितीही खत घातले तरी तोडणीच्या वेळी तेवढे ऊस कमीच भरतात.

आता ऊन आणि पाऊस एकाच पत्रकात कसे, ते पाहू. उन्हाळ्यातले वादळ हे उन्हाच्या उलट नसून उन्हाचेच लेकरू आहे. जमीन तापली की तिच्यालगतची हवा तापून हलकी होते व वर चढते. हवा कोरडी असेल तर वावटळीपलीकडे काही होत नाही. मात्र एप्रिल-मेमध्ये विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटकमार्गे दक्षिणेकडे कमी दाबाचा एक पट्टा वारंवार तयार होतो, आणि बंगालच्या उपसागरावरचे किंवा अरबी समुद्रावरचे बाष्प त्याच्याकडे ओढले जाते. तापलेली हवा आणि बाष्प एकत्र आले की दुपारनंतर ढग भराभर उंच वाढतो. दहा-बारा किलोमीटर आणि त्याहूनही वर. तिथे बर्फाचे कण व गारा एकमेकांवर आदळून वीज साठते. पश्चिम महाराष्ट्रातली मंडळी याला वळीव म्हणतात, बंगालमध्ये कालबैशाखी म्हणतात, आपण अवकाळी म्हणून मोकळे होतो.

पाऊस पडण्याअगोदर वारा का सुटतो, हेही यातच आले. ढगातून निघालेले थेंब खालच्या कोरड्या, तापलेल्या हवेत वाटेतच आटतात. आटताना हवा थंड होते, जड होते आणि धाडकन खाली येऊन जमिनीवर चहूकडे पसरते. म्हणून ज्या दिवशी ऊन जास्त आणि हवा कोरडी, त्या दिवशी पाऊस चार थेंब आणि वारा मात्र झाडे पाडणारा, असे होऊ शकते.

या ढगाचा विस्तार काही किलोमीटरचाच असतो. ऊन साऱ्या जिल्ह्यावर सारखे पडते, ढग मात्र एका शिवारावर बरसून दुसरे सोडून देतो. पत्रकातला 'तुरळक ठिकाणी' हा शब्द म्हणूनच नीट वाचावा. त्याचा अर्थ असा की, त्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी चौथाई किंवा त्याहूनही कमी ठिकाणी पाऊस होईल. म्हणजे तीन हिस्से गावे कोरडी राहण्याचाच तो अंदाज आहे. तेव्हा पाण्याचा हिशोब उन्हावर धरावा आणि स्वतःच्या जिवाचा हिशोब ढगावर धरावा, असे माझे सांगणे आहे.

पाण्याचा हिशोब तर सरळ आहे. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. भर मे महिन्यात मोठ्या उसाला दिवसाला अंदाजे ८ मिलिमीटर लागतात असे धरले, तरी एकरी ३२,००० लिटर झाले. अवकाळीची एक सर ५ मिलिमीटर पडली, तर वावर ओले दिसते, मातीचा वास सुटतो, मन प्रसन्न होते, पण मिळाले २०,००० लिटर. एका दिवसाचीही भरपाई नाही. अशा सरीवर पाळी सोडणे परवडत नाही.

दुसरी एक गोष्ट. सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश होऊन ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा जास्त वाढले, अथवा थेट ४५ अंशांवर गेले, म्हणजे हवामान खाते उष्णतेची लाट म्हणते. आपल्याकडे मे महिन्यात ४२ अंश हे नेहमीचेच, म्हणून त्याला लाट म्हणत नाहीत. ऊस काही पत्रक वाचत नाही. ३८ अंशांच्या पुढे त्याची वाढ मंदावतेच. मे २०२४ मध्ये शेजारच्या अकोला जिल्ह्यात उन्हापायी १४४ कलम लावावे लागले होते, त्या दिवसांत उभ्या पिकाचे काय होत असेल याचा विचार करावा.

तर सुरू उसाची व खोडव्याची पाळी कोणत्याही अंदाजावर लांबवू नये. पाणी शक्यतो संध्याकाळनंतर किंवा रात्री द्यावे. विहीर कमी पडत असेल तर एक आड एक सरी भिजवावी, म्हणजे सगळ्या उसाला थोडे तरी मिळते. खोडव्यातले पाचट जाळू नये, सरीत पसरावे. लावणीच्या उसाची खालची वाळलेली पाने काढून तीही सरीतच टाकावीत. ताण पडलेल्या उसावर २ टक्के युरिया व २ टक्के म्युरेट ऑफ पोटॅश यांची एकत्रित फवारणी सकाळी लवकर अगर संध्याकाळी करावी. कोरड्या उन्हात खोडकीड वाढते, तेव्हा वाळलेले पोंगे ओढून पाहावेत. सहज निघून आले आणि वास आला तर ती खोडकीड समजावी व हलकी भर द्यावी.

आडसाली उसाची गोष्ट मात्र थोडी वेगळी. तो यावेळी नऊ-दहा महिन्यांचा, उंच आणि शेंड्याकडे जड असतो. बुड भिजून माती मऊ झाली आणि त्यावर वारा आला की लोळलाच. म्हणून नारिंगी इशारा असेल तर अशा उसाची पाळी एक दिवस पुढे-मागे केली तरी चालेल. एक दिवस, चार दिवस नव्हे.

आता जिवाबद्दल. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळी पावसात मोठे कडुनिंबाचे झाड मंदिराजवळच्या टिनाच्या शेडवर पडले आणि आसऱ्याला थांबलेले ७ जण दगावले. आपल्या धुऱ्यावरही कडुनिंब व बाभळी आहेत, आणि ढग आला की माणूस सवयीने झाडाखालीच धावतो. वीजही उंच झाडावरच आधी उतरते. टिनाची चार खांबी शेड हाही विजेपासून आसरा नव्हे. पक्के घर किंवा काचा लावलेली मोटारगाडी चालते.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत अंक मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तीसच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पाण्याचे बारे, खुरपे, तारेचे कुंपण आणि मोटारीचा स्टार्टर जेथल्या तेथे सोडून निघावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत वावरात जाऊ नये. उघड्यावर सापडलात तर पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे ॲप मोबाईलवर घेतले असता आजूबाजूच्या २० ते ४० किलोमीटरमधील विजेची सूचना मिळते. घरातल्या शाळकरी पोराकडून ते घालून घ्यावे, त्याला ते आपल्यापेक्षा लवकर जमते.

उन्हाचेही तसेच. उसाच्या सरीत वारा खेळत नाही, बाहेरच्यापेक्षा आत जास्त कोंडते. बांधणी व पाचट काढण्याचे काम सकाळी अकरापर्यंत आटोपावे. खिशात कांदा ठेवण्यास माझी हरकत नाही, पण त्यासोबत पाणीही प्यावे, मीठ-साखर घातलेले असेल तर फारच चांगले.

वादळ होऊन गेल्यावर सरीत पाणी साचले असेल तर चर काढून बाहेर काढावे. लोळलेल्या आडसालीला ओढून उभा करू नये, कांड्या मोडतात. शेंडे आपोआप वर वळतात. गारांनी पाने चिंधड्या झालेला लहान ऊस मोडण्याची घाई करू नये. पोंग्यातला कोंब आत सुरक्षित असतो, आठ-दहा दिवस वाट पाहून नत्राचा हप्ता द्यावा. नुकसान झालेल्या उसाचा सर्व्हे नंबर, जात व लावणीची तारीख आपल्या गट ऑफिसमध्ये तीन दिवसांत कळवावी, म्हणजे शेतकी मदतनीस प्रत्यक्ष पाहणीला येऊ शकतील.

— ऊस विकास अधिकारी