आधी न्हाणीघराचं दार

मणक्याला मार लागलेल्या माणसाला भेटायला आलेला प्रत्येक जण पहिलं हेच विचारतो, "चालायला कधी लागणार?" घरच्यांचीही सगळी धावपळ त्याच प्रश्नामागे चाललेली असते. तेलमालिश होतं, काढे होतात, नवस बोलले जातात, कुणीतरी सांगितलेला वैद्य गाठला जातो. मज्जारज्जूची इजा अर्धवट असेल तर पायांत थोडीफार ताकद परत येतेही. पूर्ण इजेत मात्र पुन्हा चालू लागणारे फार थोडे. तोवर माकडहाडापाशी कातडी लाल पडलेली असते. तिथे संवेदना नसल्याने त्याला ती कळत नाही, आणि पाठ उलटवून कुणी पाहत नाही.

पहिल्या महायुद्धात अशी दुखापत झालेले बहुतेक सैनिक दगावत, ते लघवीच्या मार्गातल्या संसर्गाने आणि शय्याव्रणांनी. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मॅन्डव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमान यांच्याकडे या रुग्णांचा विभाग आला. नाझींच्या जाचातून निसटून आलेला हा ज्यू मज्जातंतुतज्ज्ञ. त्यांचा उपाय ऐकायला अगदीच बाळबोध होता: दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायची, मूत्राशय जपायचं आणि त्याला कामाला लावायचं. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, त्यांनी व्हीलचेअरवरच्या सोळा जणांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. पॅरालिम्पिकचं मूळ तिथलं.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर याच वाटेने गेले. लष्करातला हा बॉक्सर १९६५च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाला. १९७२ साली हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं! पुण्यात खडकीला जायबंदी जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. हातही निकामी झालेले काही जवान तिथे तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात.

पदकं आणि चित्रं डोळ्यांत भरतात. रोजचं स्वावलंबन त्याहून बारीक गोष्टींत असतं. मानेच्या सहाव्या पातळीवर इजा झालेल्याची बोटं हलत नाहीत, पण मनगट वर उचलता येतं. ते उचललं की स्नायुबंध ताणले जाऊन बोटं आपसूक मिटतात, अंगठा तर्जनीला टेकतो. एवढ्यावर चमचा धरता येतो, हलका पेला उचलता येतो. आता हौशी मालिशवाला काय करतो? आखडलेली बोटं 'मोकळी' करायची म्हणून मनगट मागे वाकवून बोटं ताठ ओढतो. स्नायुबंध सैल पडतात आणि होती ती पकडही जाते. मायेने केलेलं असं नुकसान कुठल्याही कागदावर येत नाही.

लघवीचंही तसंच. कायमची नळी आणि पिशवी लावण्याऐवजी दर चार-सहा तासांनी स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करता येतं. त्यासाठी निर्जंतुक खोली लागत नाही, हात साबणाने स्वच्छ धुतले तरी भागतं, हे अमेरिकन डॉक्टर जॅक लॅपिडिस यांनी १९७२मध्ये मांडलं. ज्याला हे स्वतः जमतं, त्याला नोकरी, प्रवास, लग्नाची पंगत, सगळं खुलं होतं. आपल्याकडे याबद्दल घरात मोठ्याने बोलायचीही चोरी. म्हातारी आई मुलाची पिशवी रिकामी करत राहते, आणि ती गेल्यावर कोण, हे कुणी विचारत नाही.

खर्चाची पहिली रक्कम म्हणूनच गवंड्याला द्यावी, असं माझं मत आहे. व्हीलचेअर दोन फुटांहून रुंद. जुन्या घरांतली न्हाणीघराची दारं बऱ्याचदा तेवढीच. दार वाढवायचं, उंबरा काढायचा, कमोड खुर्चीच्या उंचीला आणायचा, बाजूला भिंतीत पक्की दांडी बसवायची. बाहेर सहा इंचांची एक पायरी असेल तर एकास बाराच्या हिशेबाने सहा फुटांचा उतार लागतो. सोसायटीच्या सभेत त्यावर पार्किंगची जागा जाते म्हणून हरकत निघते. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा अशा वेळी छापून सोबत न्यावा.