पावसाळ्यात रॅकेट का तडतडते?

डास मारायची रॅकेट पावसाळ्यात डास नसतानाही तडतडते, असे हिंगणघाटहून एका वाचकाने कळवले आहे. ‘दमट हवेतून करंट लवकर जातो’ हे उत्तर त्यांना घरीच मिळाले होते. ते चूक आहे. बाष्पाचे रेणू मोकळे इलेक्ट्रॉन पकडून ठेवतात. दमट हवेत ठिणगीला उलट किंचित जास्तच व्होल्टेज लागते.

रॅकेटच्या जाळ्यांमध्ये दोनेक हजार व्होल्ट असतात. हवा मिलिमीटरला सुमारे ३००० व्होल्ट पेलते, म्हणून एरवी ती फट शांत असते. डास शिरला की फट जवळपास उरतच नाही.

हे गणित फ्रिडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये मांडले. हायड्रोजनच्या वर्णपटातली त्यांची श्रेणी बारावीची मुले पाठ करतात. तिच्या वीसेक वर्षे आधीचे हे तरुणपणीचे काम मला त्याहून देखणे वाटते. ठिणगीचे व्होल्टेज दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरते. फट लहान करत गेलो की ते उतरते, पण हवेत सुमारे ३२७ व्होल्टला थांबते. फट त्याहून अरुंद झाली, तर इलेक्ट्रॉनला धडकायला पुरेसे रेणूच मिळत नाहीत आणि आकडा पुन्हा चढतो. आता घरची वीज बघा: २३० व्होल्ट म्हणजे शिखराला ३२५! निव्वळ योगायोग, पण काय योगायोग!

रॅकेट मात्र पृष्ठभागामुळे तडतडते. तारा ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीत रोवलेल्या असतात, तिथे धूळ आणि मेलेल्या डासांचे अवशेष साचतात. ओल धरली की त्यावरून वीज सरपटते, प्लॅस्टिक जळून कोळशाची रेघ उमटते आणि पुढची वीज तीच वाट धरते. जिनिंगमधल्या स्टार्टरच्या पेटीत रुईचे तंतू हेच करतात. म्हणून अभियंते दोन अंतरे वेगळी मोजतात: हवेतले सरळ आणि पृष्ठभागावरचे.

वर्धा जिल्ह्यातल्या ७६५ किलोव्होल्टच्या उपकेंद्रात पहिले अंतर काही मीटर असते. बटणे चालू-बंद होतानाच्या लाटा आणि टोकदार भाग यांचा हिशेब त्यात धरावा लागतो. दुसऱ्यासाठी इन्सुलेटरला चकत्यांच्या झालरी असतात. उंची तेवढीच राहते, पण पृष्ठभागावरून जाणाऱ्या विजेला प्रत्येक झालर चढून उतरावी लागते, आणि झालरीखालचा भाग पावसात कोरडा राहतो. मोबाइल चार्जरच्या आतल्या सर्किटच्या पट्टीला मधोमध पाडलेली खाच त्याच कामाची: जागा वाढवायची नाही, वाट लांबवायची.